झुंजार तालमीचे सत्त्याऐंशी गोल

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी मागच्या सालची आहे. माझ्या बहिणीच्या, दानेश्वरीच्या नवऱ्याला पतसंस्थेतून मिळाली होती, त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. गावाहून निघताना तिनं माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाली, "फोनवर तू हूं आणि हां सोडून काही बोलत नाहीस. निदान लिहून ठेव. पुढं तुझ्या पोरांना कळेल, बाप कुठं कुठं पळत होता ते." छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून खोडून वर नवे घालतोय.

मी गुरुपाद बिराजदार. गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. नववीला गणितात गेलो आणि शाळेकडे परत तोंड केलं नाही. सोलापुरात चादरी घड्या केल्या, पुण्यात हॉटेलात टेबलं पुसली, सांगलीत मोबाईल दुरुस्त केले. कुठंच जीव रमला नाही. आता कोल्हापूर. मंगळवार पेठेत कॉट भाड्यानं घेतलीय आणि कामाला रोज उचगावात, बाळासोंच्या वर्कशॉपमध्ये. तिथं लाल आकड्यांचे बोर्ड बनतात. दवाखान्यातले टोकन नंबर, वजनकाट्यावरचे आकडे, असले. मी सोल्डरिंग करतो. इथं त्याला डाग देणं म्हणतात.

उन्हाळ्यापर्यंत राहीन. मडगावला एक दोस्त आहे, तो बोलवतोय.

१७ जानेवारी, शुक्रवार

भलतंच झालंय. मी प्रोग्राम लिहायला लागलोय.

बाळासोंची लेक निशिगंधाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. ती इंजिनियर. बोर्डांच्या आतला सगळा प्रोग्राम तिनंच लिहिलेला. पण आता पोटामुळं तिला लॅपटॉप मांडीवर घेता येत नाही आणि खुर्चीत बसलं की पाय सुजतात. म्हणून वर्कशॉपमागच्या खोलीत ती कॉटवर पडते, पाय उशीवर, हातात चिंचेची गोळी, आणि मी टेबलाशी.

पहिल्या दिवशी म्हणाली, "मी सांगते, तू टाईप कर. इंग्रजी अक्षरं येतात न्हवं?"

"मोबाईल उघडून बसवायचो ताई. अक्षरं येतात. अर्थ येत नाही."

"अर्थ मलाबी कुठं सगळा येतोय. लिही."

भाषेचं नाव सी. एवढंच नाव. त्यात डबे असतात. डब्याला नाव द्यायचं, आत आकडा ठेवायचा, काम झालं की डबा परत. आपण लिहिलेलं कंपायलर नावाचा प्रोग्राम वाचतो आणि बोर्डावरच्या चिपला कळेल असं करून देतो. चुकलं तर लाल ओळ दाखवतो आणि पुढंच जात नाही. नुसती शंका आली तर पिवळी ओळ दाखवतो, पण काम करून देतो. मला हा गडी आवडला. सांगलीचा दुकानदार शंका आली तरी थोबाडीत द्यायचा.

आज पिवळी ओळ आली. ताईनं विचारलं, "हा डबा घेतलास, आत काय हाय?"

"काही नाही ताई. रिकामा."

"रिकामा न्हाय रं. तू बघितला न्हाईस, एवढंच. सी मध्ये डबा मागितला की डबा मिळतो, घासून मिळत न्हाय. मागच्यानं काय ठेवलंय ते आतच असतंय." मग गोळी गालात सारून म्हणाली, "पिवळ्या ओळी वाचायच्या. लालला मी भीत न्हाय. पिवळ्याला भिते."

लिहून ठेवलं. मला उलटं वाटतं. लाल जास्त वाईट.

२५ जानेवारी, शनिवार

आज आकारामदादा आले. शिवाजी पेठेतल्या झुंजार तालमीचे अध्यक्ष. तालीम म्हणजे आखाडा, पण इथं तालमीच्या नावानं फुटबॉलचे संघ असतात आणि माणसं जेवणावाचून राहतील, सामन्यावाचून नाही. यंदाच्या स्पर्धेला गोलाचा बोर्ड झुंजार तालमीतर्फे, असं दादांनी संयोजकांना सांगून टाकलंय. तो बोर्ड आमच्याकडे.

झुंजारचा रंग तांबडा. जुना वैरी मंगळवार पेठेचा वाघजाई क्लब, त्यांचा पिवळा. माझ्या खोलीतले तिघं वाघजाईचे, त्यांच्या बनियनसुद्धा पिवळ्या. मी कुठं काम करतो ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दादा आत आले ते थेट माझ्या पाठीमागं. "दाखवा पावणं, कसं चाललंय काम."

मी कंपायलर चालवून दाखवला. ओळी आल्या. दादांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पिवळं काय हाय?"

"शंका आहेत दादा. काम चालू राहतं."

"आमच्या बोर्डात पिवळं?" आवाज वर्कशॉपभर गेला. "बाळासो, अहो तालमीची इभ्रत हाय! उद्या कुणी फोटो काढला तर? झुंजारच्या मशिनीत वाघजाई शिरली म्हणतील!"

बाळासो हसत होते, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मला म्हणाले, "गुरू, बघ की लगा, काय तरी कर."

ताई वरच्या मजल्यावर झोपली होती. मी मोबाईलवर शोधलं. एक डॅश आणि एक डब्ल्यू, एवढं लिहिलं की कंपायलर शंका बोलून दाखवत नाही. लिहिलं. चालवला. पडदा काळाभोर, एक ओळ नाही.

"ह्याला म्हणायचं काम!" म्हणत दादांनी पाठीवर थाप दिली, अजून हुळहुळतंय.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. त्यातल्या बऱ्याच ओळी मी लिहिलेल्या भागावरच होत्या. बटणाचा भाग. माझा पहिला, स्वतःच्या डोक्यानं लिहिलेला. तो बोर्डावर नीट चालतोय, मग कशाला कुरकुर.

२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टीचं काम. बोर्ड भिंतीला टेकवून दिवसभर चालवला. रिमोटचं एक बटण झुंजारचं, एक समोरच्या संघाचं. ठासून दाबलं की आकडा एकानं वाढतो. शंभरदा दाबलं असेन. एकदाही चुकला नाही.

दादांची नवी मागणी होती. गोल झाला की खालच्या पट्टीवर अक्षरं पळाली पाहिजेत: "आकारामदादा युवा मंचातर्फे हार्दिक अभिनंदन!" तेही मी एकट्यानं जमवलं. ताईला दाखवलं. ती म्हणाली, "पिवळं काय म्हणतंय?"

"काही नाही ताई. एकही ओळ नाही."

"एकबी न्हाय? शाबास. मी पैल्यांदा लिवलं तवा पानभर यायच्या."

मी फुगलो. गावी आईला, अव्वाला फोन केला. तिनं नेहमीसारखं "ऊट आतेनु?" विचारलं, म्हणजे जेवलास का. मी म्हटलं, "अव्वा, मी यंत्राला अक्षरं शिकवली." ती म्हणाली, "आधी स्वतः शिकायची होतीस." पण खूश होती. आवाजावरून कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

उपांत्य सामना. स्टेडियम गच्च. बोर्ड उंचावर, त्याखाली मी आणि बाळासो. रिमोट दादांच्या पुतण्याकडे, सम्राटकडे. पोरगं जागेवर नव्हतंच, सामना बघत उड्याच मारत होतं. दादांनी त्याला बजावलेलं, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! गोल झाला की आकडा!"

पहिल्या अर्ध्यात झुंजारनं गोल मारला. आकडा १ झाला. पट्टीवर दादांचं नाव पळालं. हलग्या, शिट्ट्या. बाळासोंनी माझा खांदा दाबला. एवढं चांगलं मला आजवर कुठल्याच गावात वाटलं नव्हतं.

मग मध्येच, चेंडू मैदानाच्या बाहेर असताना, काही कारण नसताना, १ चे ८७ झाले.

वाघजाईच्या बाजूनं एकजण ओरडला, "सत्त्याऐंशी? तालमीतल्या म्हशीबी उतरवल्या काय रं मैदानात?" आणि सगळं स्टेडियम हसलं. तांबडेसुद्धा हसले. रेफ्री बोर्डाकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा. मी पळत जाऊन बोर्ड बंद करून चालू केला. ०-० आलं. आता झुंजारवाले उठले, "आमचा गोल कुठं गेला?"

शेवटी संयोजकांच्या माणसानं जुना फळा आणला. त्यावर मागल्या सामन्याचा आकडा तसाच होता. त्यानं आधी सदऱ्याच्या बाहीनं तो पुसला, मग खडूनं १-० लिहिलं. झुंजार १-० नंच जिंकली. पण दादांना जिंकल्यासारखं वाटलं नाही. जाताना माझ्याकडे बघितलंपण नाही.

फायनल पुढच्या रविवारी. समोर वाघजाई.

खोलीवर तिघं वाट बघत होते. त्यांनी मला बोर्डाखाली बघितलेलं. "या, सत्त्याऐंशी या," म्हणाले. आता माझं नाव तेच.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाळासो ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "संयोजक आणखी एक डाव देतोय म्हणालेत. रविवारी चालला तर पुढनं सगळ्या बोर्डांचा प्रोग्राम तुझ्या हातात. न्हाय चालला तर मला पुण्यासनं माणूस आणायला लागतोय, आणि तू परत डाग द्यायला. आधीच सांगतोय, मागनं तोंड वाकडं नको."

मग म्हणाले, "तुझं आधार कार्ड दे. नावाचं स्पेलिंग बघायचं हाय." फोटो काढून घेतला. हिशेब मिटवायची तयारी दिसते. सांगलीवाल्यानंही काढून टाकायच्या आधी आधार मागितलं होतं.

ताईला दुपारी दवाखान्यात हलवलं. मी एकटा उरलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस बोर्ड चालवतोय. ठासून बटण दाबतोय. एकानं वाढतो, दादांचं नाव पळतं, परत एकानं वाढतो. ८७ काही येत नाही. बिघाड असा लाजाळू असतो हे माहीत नव्हतं. पाहुणे आले की नाचतो, घरात लपून बसतो.

प्रोग्राम वरून खाली वाचला, खालून वर वाचला. कंपायलरला विचारलं. पडदा काळा. त्याला कसलीच शंका नाही. मलाच आहे.

मडगावच्या दोस्ताला फोन केला. म्हणाला, जागा आहे, शुक्रवारी ये. पिशवी भरून कॉटखाली ठेवलीय. शुक्रवारी निघालो तर रविवार बघावा लागणार नाही.

ताईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बाळासो वर्कशॉपमध्ये पेढे घेऊन आले आणि पहिला मला दिला. काढून टाकायच्या माणसाला कोण पेढा देतं? मोठ्या मनाचा माणूस, एवढं म्हणायलाच पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पटकन लिहितो, नाहीतर विसरेन.

संध्याकाळी गंगावेशीला दूधकट्ट्यावर गेलो होतो. कोल्हापूर सोडायचंच तर एकदा दूध पिऊन सोडावं. तिथं म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, फेसाचा ग्लास थेट हातात. मी चिमणाबाईंकडे जातो. बाईंचं तोंड हलगीसारखं, पण माप चांगलं.

माझ्या पुढं एक साहेब होते, बायकोला घेऊन आलेले. चिमणाबाईंनी चरवी उचलली, साहेबांसमोर उपडी केली, तळावर दोन थापा मारल्या आणि मग म्हशीखाली बसल्या. साहेबांचं झालं. माझी पाळी. परत चरवी उपडी, परत दोन थापा.

मी म्हटलं, "मावशी, आत्ताच तर उपडी केली. आणि मी रोजचा. माझ्यावर काय अविश्वास?"

"तुझ्यावर कशाला? चरवीवर!" म्हणाल्या. "मगाच्याचं घोटभर तळाला ऱ्हायलं असलं तर ते कुणाच्या ग्लासात जाणार? तुझ्याच की! परत्येकाला नवी धार, परत्येकाला उपडी चरवी. माझी सासू म्हणायची, रिकामं हाय म्हणून सांगू नगं, करून दाखीव."

मी ग्लास हातात धरून तसाच उभा. ताईचा तो घासून न मिळणारा डबा. "मागच्यानं काय ठेवलंय ते आतच असतंय." पिवळ्या ओळी. मी डब्ल्यू लिहून तोंड बंद केलेला तो बिचारा कंपायलर.

"पितोस का म्हशीला परत देऊ?" चिमणाबाई ओरडल्या. एका दमात प्यालो आणि पळालो. बाईंचा ग्लास उचगावपर्यंत माझ्या हातातच होता. उद्या परत करायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मडगावची गाडी गेली असेल. लक्षातच नव्हतं.

काल वर्कशॉपला पोचलो तेव्हा बाळासो कुलूप लावत होते. माझ्या हातातला ग्लास बघितला, माझ्याकडे बघितलं, किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे," म्हणून गेले.

तो डॅश-डब्ल्यू पुसला. कंपायलर चालवला. पानभर पिवळं. आणि सगळ्यात वर, माझ्याच बटणाच्या भागात: हा "वाढ" नावाचा डबा न भरताच वापरला जाऊ शकतो. त्यानं तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

मी असं लिहिलेलं: झुंजारचं बटण आलं तर वाढमध्ये १ ठेव, समोरच्याचं आलं तरी १ ठेव, मग वाढ आकड्यात मिळव. आणि दोन्ही नसेल तर? काहीच लिहिलं नव्हतं. दोन्ही नाही असं होतं कधी? होतं. बटण अर्धवट दाबलं तर रिमोट अर्धाच निरोप पाठवतो. मी वर्कशॉपमध्ये ठासून दाबायचो. सम्राट उड्या मारत होता, बोट नुसतं टेकत होतं.

रिमोट घेतला. बोट नुसतं टेकवलं. काही झालं नाही. मग म्हटलं थांब, चरवीत आधी काहीतरी असायला पाहिजे. ठासून एक गोल दिला, दादांचं नाव पळू दिलं, आणि मग बोट टेकवलं.

८७!

मी एकटाच ओरडलो. बिघाड सापडल्यावर एवढा आनंद होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. बोर्ड बंद-चालू करून परत केलं, परत ८७. नाव पळवणारा भाग आपलं काम झाल्यावर तीच जागा सोडून जातो आणि तिथं त्याचं खरकटं उरतं. दरवेळी तेच नाव, तेच खरकटं. गंमत म्हणून "हार्दिक"चं "मनःपूर्वक" केलं, तर ४१ आले.

आज सकाळी सगळ्या पिवळ्या ओळी मिटवायच्या म्हणून दिसेल त्या डब्यात शून्य भरलं. वाढमध्ये १ भरलं, कारण गोल काय एकानंच वाढणार. पडदा साफ. ताईला दवाखान्यात फोन लावला. मागं बाळ रडत होतं. मी सगळं सांगितलं. डॅश-डब्ल्यूचंही.

ती म्हणाली, "दादांना पिवळं दिसू नये म्हणून? आरं देवा." आणि हसायला लागली, टाके दुखतात म्हणून मध्येच थांबली. मग म्हणाली, "कुठला संघ हे ज्या डब्यात हाय, त्यातबी शून्य भरलंस?"

"हो ताई. सगळ्यात."

"शून्य म्हंजे कुठला संघ?"

"झुंजार."

"आणि वाढमध्ये एक. म्हंजे बोट नुसतं टेकलं की झुंजारला गोल. दादा खूश हुतील. वाघजाईवाले तुला पंचगंगेत बुडवतील." बाळाला काहीतरी पुटपुटली. "गुरू, तू शंका मिटवली न्हाईस, शंकेच्या तोंडात बोळा घातलास. पैल्यांदा डब्ल्यूचा, आता शून्याचा. परत्येक ओळीला विचार, ह्या डब्यात खरं काय पायजे? आणि ठाऊक नसंल तर डबा वाढायचाच न्हाय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर एकेक ओळ. कुठं खरंच शून्य पाहिजे होतं, कुठं डबाच नको होता, आणि बटणाच्या भागात आता असं लिहिलंय: निरोप अर्धा असेल तर काही करू नको, तसाच परत जा. चरवी उपडी केली, म्हैस नाही, तर ग्लास नाही.

ताईनं एक गोष्ट आणखी सांगितली. कंपायलरला बजावता येतं, की पिवळी ओळ आली तरी लाल समज आणि अडून बस. तेही लिहिलं. आता तो माझं काही खपवून घेत नाही. बायकोसारखा, असं बाळासो म्हणाले.

दुपारी आकारामदादा आले, हाताची घडी घालून उभे राहिले. मी मुद्दाम एक डबा न भरता ठेवला आणि पिवळ्या शंकेवरच कंपायलर कसा अडून बसतो ते त्यांना दाखवलं.

"दादा, त्या दिवशी हे लपवलं, म्हणून सत्त्याऐंशी झाले."

दादा पडद्यावर वाकले. "म्हंजे पिवळं आधीच सांगत हुतं?"

"हो."

"वाघजाईचं हाय, पण खरं बोलतंय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. कुणाला सांगू नगंस."

१६ फेब्रुवारी, रविवार

फायनल.

संयोजकांनी फळा बोर्डाच्या शेजारीच ठेवला होता, खडू वर. माझ्या खोलीतले तिघं समोरच बसलेले, "सत्त्याऐंशी! सत्त्याऐंशी!" ओरडत. सम्राटकडे रिमोट दिला. तो म्हणाला, "ह्या खेपेला नीट दाबतो." मी म्हटलं, "कसंबी दाब."

चेंडू फिरायला लागला. सम्राट उड्या मारायला लागला. बोट टेकत होतं, मला दिसत होतं. आकडा हलला नाही.

पहिला गोल वाघजाईचा. ०-१. पिवळा गुलाल उडाला, आणि त्याच क्षणी खालच्या पट्टीवर अक्षरं पळाली: "आकारामदादा युवा मंचातर्फे हार्दिक अभिनंदन!"

गोल कुणाचा हे मी विचारलंच नव्हतं. गोल झाला की पळव, एवढंच लिहिलेलं. ह्यावर कंपायलरला कसलीच शंका आली नव्हती, आणि येणारही नव्हती. हे माझंच काम होतं.

वाघजाईची बाजू आधी वाचायला थांबली आणि मग फुटली. "दादा, आभारी हाय!" "दादा, पार्टी कधी?" दादांचा चेहरा झुंजारच्या झेंड्यासारखा तांबडा झाला. बाळासो खाली बसून तोंडावर रुमाल धरून हसत होते.

उत्तरार्धात झुंजारनं बरोबरी केली. १-१. पट्टी पळाली, दादांनी छाती काढली. मग शेवटी शेवटी, सगळे पेनल्टीची भाषा बोलत असताना, वाघजाईचा दुसरा. १-२. परत हार्दिक अभिनंदन. शिट्टी. संपलं.

झुंजारचे काही जण बोर्डाकडे धावून आले. "बोर्ड खोटा हाय! मागं सत्त्याऐंशी दाखवलंतं!" मी बोर्डासमोर उभा राहिलो. पळावंसं वाटलं नाही. मला स्वतःलाच नवल वाटलं.

आकारामदादा त्यांच्या मधून पुढं आले. बोर्डाकडे हात करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोर्ड आपला हाय आणि खरा हाय. दोन खाल्ले, एक मारला. चला, हात मिळवायला." आणि स्वतः वाघजाईच्या अध्यक्षांकडे गेले. त्या लोकांनी त्यांना खांद्यावरच घेतलं. "हार्दिक अभिनंदन! हार्दिक अभिनंदन!" ओरडत अर्ध्या मैदानाला फिरवलं. दादा वरून शिव्या घालत होते आणि हसत होते. पिवळ्या गुलालानं पांढरा सदरा पार बरबटला.

उतरल्यावर माझ्याकडे आले. मी म्हटलं, "दादा, चुकलं. आज सगळं काढून टाकतो."

"काढलंस तर तंगडी मोडीन," म्हणाले. "अख्ख्या मंगळवार पेठेला आज माझं नाव पाठ झालंय."

फळ्याला कुणी हात लावला नव्हता. खडू होता तिथंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाळासोंनी एक पितळेची पट्टी हातात ठेवली. बोर्डाच्या मागं बसवायची. वर वर्कशॉपचं नाव, उचगाव, आणि खाली: प्रोग्राम – निशिगंधा व गुरुपाद बिराजदार. बिराजदारचं स्पेलिंग बरोबर. त्यासाठी आधार हवं होतं होय.

म्हटलं, "एका रात्रीत कशी झाली?"

"कुठली एक रात? मागल्या सोमवारीच टाकलंतं की करायला."

मागल्या सोमवारी तर बोर्ड नापास झाला होता आणि मला काढून टाकणार होते. बाळासोंचा वारांचा गोंधळ झालेला दिसतो. माझ्या डायरीसारखा. मी पट्टी बसवली.

किल्ली परत द्यायला गेलो तर म्हणाले, "तुझीच हाय. मला सकाळी उशीर होतोय हल्ली, नातीपायी."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईच्या मुलीला बघायला दवाखान्यात जायचंय. दानेश्वरीनं पार्सलनं झबली आणि कुंची पाठवलीय, अव्वानं शेंगाची चटणी. न्यायला पिशवी पाहिजे होती.

कॉटखालची काढली. त्यात माझे कपडे, चार्जर, मडगावला म्हणून घेतलेला नवा साबण. सगळं काढून फळीवर लावलं. तळाशी हात घातला तर सोलापूरचा दोरा, पुण्याच्या हॉटेलातली बडीशेप, सांगलीचे बारके स्क्रू. किती वर्षं घेऊन फिरतोय कुणास ठाऊक.

दारात जाऊन पिशवी उपडी केली. तळावर दोन थापा मारल्या.

खोलीतला एकजण म्हणाला, "काय रं सत्त्याऐंशी, कुठं निघालास?"

म्हटलं, "कुठं नाही. भाचीला बघून येतो."